इकडे बघा

"अहो, इकडे बघा, माझ्याकडे," फोटोग्राफर बाई चढ्या आवाजात पुन्हा म्हणाली.

तापानं फणफणलेल्या लेकीला सासूबाईंच्या ओटीत घालून ती सकाळपासून या लग्नात राबत होती. नवरीच्या मामाने जेवणाचा धोशा लावला होता, मावशी मधेच उभं राहायचं म्हणून हटून बसली होती, आणि एकही ग्रुप फोटो धड येत नव्हता. दरवेळी सगळे कॅमेरा सोडून तिच्या गुडघ्याशेजारी बघत आणि लाडानं हसत.

तिथे नुसती फरशी होती.

"खाली काय ठेवलंय एवढं?" ती खेकसली.

"आमच्यावर कशाला डाफरता?" मामा तडकला. "लेकरू कामावर आणायचं, आणि वर आम्हालाच ऐकवायचं."

"कुठलं लेकरू? माझी मुलगी घरी आहे. तिला अजून उभंही राहता येत नाही."

मावशीचं हसू मावळलं. "मग मघापासून तुमचा कुर्ता धरून ही कोण उभी आहे? गाल बघा तापानं कसे लाल झालेत. उचला आधी तिला."

थट्टेलाही काही सीमा असते. संतापून तिने खाली न बघताच कुर्ता खसकन ओढला.

तो सुटला नाही.