चारवरचा खटका

थोरल्याने स्पीकरच्या पेटीसकट आणलेला बेस गिटारचा जुना, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर दुरुस्तीवाल्या काकांनी उलटा फिरवला आणि मागच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"हा चार ओहमवर आहे. दोन पेट्या असतील तर चार, एकटीला आठ. तू एकाच पेटीवर वाजवतोयस. दोघांचं जू एकाच्या मानेवर. आतला ट्रान्सफॉर्मर जळेल अशाने. फिरव आठवर, मिनिटाचं काम."

"माहीत आहे, काका. राहू दे चारवरच."

"का रे?"

"दुसरी पेटी धाकटा भांडून घेऊन गेलाय ना. त्याचं रुसणं तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवस काही घडलंच नाही अशा तोंडाने दारात उभा राहील. तेव्हा खटका फिरवलेला दिसला तर म्हणेल, दादाने माझी जागाच पुसली. तीन वर्षं झाली, या वेळी जरा लांबलंय एवढंच."

काका उठले आणि कोपऱ्यातल्या पेटीवरची चादर त्यांनी हळूच ओढली. पेटीचा एक कोपरा उडालेला होता. दोघा भावांनी मिळून ती जिन्यावरून उतरवली होती, तेव्हाचा.

"गेल्या महिन्यात त्याची बायको ठेवून गेली. म्हणाली, आता घरात बघवत नाही. मला वाटलं, तुला कुणी कळवलं असेल."

थोरला बराच वेळ त्या उडालेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिला. मग त्याने स्वतःच दोन्ही पेट्यांच्या वायरी जोडल्या.

खटका फिरवावा लागला नाही.