पद्मजाने बंद पाडलेला वर्ग

फॉर्मच्या तळाशी चारुदत्तची सही होती. पद्मजाने कागद दोनदा वाचला. शिकारीचं शिक्षण, दर मंगळवारी, शाळा सुटल्यावर, लायब्ररीत. विद्यार्थिनीचं नाव, आरोही.

“हे काय आहे?” तिने नवऱ्याला विचारलं.

चारुदत्त डिशवॉशर लावत होता. “सेफ्टीचा कोर्स आहे. इथली पुष्कळ मुलं करतात. करू दे ना.”

“आपली बारा वर्षांची मुलगी हरणं मारायला शिकणार?”

“मारायला नाही गं. नुसता कोर्स.”

आरोही जिन्यात उभी होती. “आय जस्ट वॉन्ट टु नो, आई,” एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली.

ईडन प्रेरी या अमेरिकन गावात येऊन त्यांना सात वर्षं झाली होती. नोव्हेंबर उजाडला, शिकारीचा हंगाम सुरू झाला की पद्मजा पुढच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. समोरच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये उलटं टांगलेलं हरीण, त्याची बाहेर लोंबणारी जीभ, खाली बर्फावर तांबडे डाग, आणि बाजूला बिअर पीत खिदळणारी माणसं. पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, होईल सवय. पण किळस वाढतच गेली. गेल्या वर्षी त्या शेजाऱ्याने हौसेने घरी केलेलं हरणाचं सॉसेज आणून दिलं, ते तिने हातमोजे घालून कचऱ्यात टाकलं आणि ओटा तीनदा पुसून घेतला.

नवऱ्याच्या सहीची तिला त्याहून जास्त शिसारी आली. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर एका पेट्रोल पंपावर कुणीतरी चारुदत्तची कॉलर धरून ‘परत जा तुझ्या देशात’ म्हणून त्याला गाडीवर ढकललं होतं. तेव्हापासून त्याने मोटारीला अमेरिकन झेंडा लावला, मिशी काढली, ऑफिसात स्वतःला ‘चक’ म्हणवून घ्यायला लागला. आता मुलीलाही यांच्यातली करायला निघालाय, असं ती धरून चालली.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत पालकांची सभा होती. शिकवायला येणारे लिंडक्विस्ट हे निवृत्त पोस्टमन होते. डोक्यावर शिकारी घालतात तसली नारिंगी टोपी, बोलणं हळू. त्यांनी मुलांच्या गोष्टींची पुस्तकं बाजूला सारून टेबलावर लाकडाच्या चार बंदुका मांडल्या. मग पडद्यावर हरणाचं चित्र आलं. कातडीच्या आत लाल रंगात हृदय आणि फुप्फुसं काढलेली होती.

“इथे लागलं तर ते फार लांब पळत नाही,” लिंडक्विस्ट म्हणाले.

पुढच्या रांगेतली एक आई कुकी खात ऐकत होती. तेवढ्यात वाळवलेल्या हरणाच्या मांसाची पिशवी हातोहात फिरत पद्मजापर्यंत आली. काळपट, तेलकट तुकडे. त्याचा धुरकट वास नाकात शिरला. पिशवी चारुदत्तच्या मांडीवर टाकून ती उभी राहिली.

“मी सॉफ्टवेअर टेस्ट करते,” ती म्हणाली. “कुठे काय बिघडू शकतं, हे शोधायचा मला पगार मिळतो. ज्या टेबलावर माझी मुलगी वाचायला बसते, तिथे तुम्ही हत्यारं मांडलीत. यात काय बिघडू शकतं, हे इथे कुणालाच दिसत नाही?”

“मॅडम, यातली निम्मी मुलं शिकारीला कधीच जाणार नाहीत,” लिंडक्विस्ट शांतपणे म्हणाले. “पण बंदूक कधीतरी त्यांच्यासमोर येईल. तेव्हा हात कुठे ठेवायचा, हे कळावं एवढंच मला वाटतं.”

“आणि हरणाचं काळीज कुठे असतं, हेही.”

मागून चार-सहा टाळ्या पडल्या. लिंडक्विस्टनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि दिवे लावले.

त्यानंतर पद्मजाने हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली. शाळा सुटायच्या वेळी मोटारींच्या रांगेत काचा ठोठावून तिने सह्या गोळा केल्या. महाराष्ट्र मंडळातल्या मालिनीकाकूंनी आणखी तीस मिळवून दिल्या. पाच आठवड्यांत एकशे चाळीस सह्या झाल्या. चारुदत्तपुढे तिने कागद धरला, तेव्हा तो म्हणाला, “माझी नको.” दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या सभेत मुख्याध्यापिकाबाईंनी वर्ग रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि पद्मजाचा हात हातात घेतला. लिंडक्विस्टनी लाकडी बंदुका जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळल्या. जाताना त्यांनी पद्मजाकडे बघून मान लववली. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

घरी येताना चारुदत्त गाडी चालवत होता.

“निदान अभिनंदन तरी म्हण,” ती म्हणाली.

“अभिनंदन.”

आरोही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणितं सोडवत बसली होती. पद्मजाने कोट काढला, हात साबणाने धुतले आणि लेकीच्या केसांवरून ओला हात फिरवला. कितीतरी आठवड्यांनी तिला मोकळं वाटत होतं.

“क्लास कॅन्सल झाला, राणी. ती घाण आता आपल्यापर्यंत पोचणार नाही.”

आरोहीची पेन्सिल थांबली. तिने आधी बाबांकडे बघितलं. चारुदत्त दारातच उभा होता, अंगात जॅकेट तसंच.

“कॅन्सल, म्हणजे फॉर गुड?”

“फॉर गुड.”

“मग आई,” आरोही हळूच म्हणाली, “बाबांच्या गनमधल्या बुलेट्स बाहेर कशा काढायच्या? त्यांना पण येत नाही.”