पुढचं स्टेशन

माळावरच्या एका ओसाड स्टेशनात मी सात वर्षं स्टेशन मास्तर होतो. गाडी जेमतेम मिनिटभर थांबायची. प्रवासी खिडकीतून बघत, "इथे माणसं राहतात?" म्हणत आणि खिडकी लावून घेत.

सोबत होती ती फोनची. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनच्या मास्तरांना लाइन मोकळी आहे का विचारावं लागे. काम झालं की मी माझं रडगाणं सुरू करायचो. ते म्हणायचे, "इथेही तेच रे बाबा. कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

माझं घर उलट्या दिशेला, त्यामुळे त्यांचं स्टेशन मी कधी पाहिलंच नव्हतं.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माझी बदली झाली. उतरलो, तर फलाटावर पाय ठेवायला जागा नाही! फुलांचे ताटवे, चहाचे दोन स्टॉल, शाळेच्या पोरांचा गलका. माझं डोकंच फिरलं.

हमाल म्हणाला, "आधीचे साहेब अजबच. तुमच्या स्टेशनचा फोन आला की पहिलं दार लावून घ्यायचे."

म्हणजे ठरवून फसवलं होतं! चार शब्द सुनावायचेच म्हणून मी त्यांचा पत्ता मागितला.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्या जागी आलेला मास्तर होता. आवाज रडवेला. "साहेब, इथे चिटपाखरूही नाही हो. तुमच्याकडे कसं आहे?"



मी उठून दार लावून घेतलं आणि म्हणालो, "इथेही तेच रे बाबा. कुत्रंसुद्धा फिरकत नाही."