वाहवेची वर्गणी

“ज्याला वाहवा जास्त, त्याला वर्गणी जास्त. याला म्हणतात न्याय!” कुलूपवाला म्हणाला, आणि मोबाईलच्या पडद्यावरचे सगळे चौकोनी चेहरे एकदम पडद्याजवळ सरकले.

सभा हौशी चित्रकारांच्या ऑनलाइन मंडळाची होती. मंडळ चालवायच्या चित्रकलेच्या निवृत्त बाई. इतकी वर्षं वेबसाइटचं भाडं त्या आपल्या पेन्शनमधून भरत आल्या. आता पेन्शनला औषधांनी वाटा मागितला होता. म्हणून वर्गणी काढायची होती. ती सगळ्यांना सारखी असावी, असं दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. डॉक्टरांनी घोडा काढला की बघणाऱ्याने अंग चोरून बाजूला सरकावं, असा घोडा! चित्राखालचं ‘वाहवा’चं बटण दाबून दाबून लोकांच्या अंगठ्यांना घट्टे पडत.

कुलूपवाला मात्र दारं काढायचा. फक्त बंद दारं. किल्ली हरवलेल्या लोकांचं जे दार दिवसा उघडून द्यायचं, ते संध्याकाळी आठवून रंगवायचं, उघडण्याआधी होतं तसं. त्याच्या एकाही दाराला कधी वाहवा मिळाली नव्हती. चुकून कुणाचा अंगठासुद्धा घसरला नव्हता. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी तो मोबाईल बघे, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारी, “आली का?”

“कोण?”

“जिची वाट बघताय ती. माझी सवत!”

तर ठराव असा मांडला गेला : महिन्याचं भाडं त्या महिन्यात पडलेल्या सगळ्या वाहवांवर वाटायचं. ज्याच्या पदरात जितक्या, तितके त्याचे वाटे. ज्याला एकही नाही, त्याला माफ. बाईंनी मतं घेतली. वाहवा न मिळालेल्यांचं जगात नेहमीच बहुमत असतं. ठराव मंजूर झाला.

पहिलं बिल आलं तेव्हा डॉक्टरांचेच दात ठणकले म्हणतात. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम पाच पायांचा घोडा काढला. लोकांनी त्यालाही हसत हसत भरघोस वाहवा दिली, आणि डॉक्टरांना पाचव्या पायाचेसुद्धा पैसे भरावे लागले. एका जावेने दुसरीच्या फुलदाणीला वाहवा दिली, तर त्या घरात अबोला धरला गेला. मित्र मित्राला सांगू लागला, “चित्र झकास आहे रे, पण तुला खड्ड्यात कशाला घालू?” भुर्दंड पडावा म्हणून मुद्दाम वाहवा देणाऱ्या शत्रूंनाही पुढे कंटाळा आला. मंडळात अळीमिळी गुपचिळी झाली. चित्रं येत, लोक बघत, आणि अंगठे खिशात ठेवून निघून जात.

कुलूपवाल्याला एक पैसा भरावा लागत नव्हता. न्याय अगदी पुरता झाला होता. तरी रोज सकाळी तो मोबाईल बघायचं काही सोडत नव्हता.

आणि एका सकाळी ती आली. निळ्या दाराच्या चित्राखाली, एकटीच. दिली होती डॉक्टरांनी.

“आली का?” बायकोने सवयीने विचारलं. ती हात पुसत बाहेर आली, तर हा पलंगावर मोबाईल छातीशी धरून बसलेला.

महिना संपला आणि बाईंचा फोन आला. “अहो, तुम्हाला सांगू कसं? या महिन्यात अख्ख्या मंडळात वाहवा पडली ती एकच. तुमची.”

म्हणजे सगळं भाडं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. बायकोने कपाळाला हात लावला. “सूड उगवला हो तुमच्या डॉक्टरने! भूल न देता दाढ काढली तुमची!”

पैशाचं त्याला फारसं लागलं नाही. लागलं ते सूड या शब्दाचं. तो तडक दवाखान्यात गेला. दुसरी जागा नव्हती, म्हणून त्या झुकत्या खुर्चीतच बसला. डोळ्यांवर दिवा आला.

“डॉक्टर, खरं सांगा. राग काढलात ना?”

डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. “राग काढायचा असता तर तेव्हाच काढला असता, घोड्याच्या वेळी. हिशेब मलाही कळतो हो. तुमचं नुकसान नको म्हणून किती दिवस अंगठा आवरून धरला होता! पण ते निळं दार... कडीच्या वर रंग झिजलाय बघा. तिथे कुणीतरी रोज हात टेकून उभं राहतं. कडी वाजवू की नको, असा विचार करत. पेशंटच्या तोंडात बघतोय आणि मला दिसतंय तुमचं दार! शेवटी नाही राहवलं.” मग ते ओशाळून म्हणाले, “चूक माझी आहे. अर्धे पैसे मी भरतो.”

“खबरदार!” कुलूपवाला खुर्चीतून ताडकन उठला. दिव्यावर त्याचं डोकं आपटलं, पण त्याला ते कळलंही नाही. “एक पैसा भरलात तर याद राखा. अख्खी माझी आहे ती!”

किल्ल्या घासायच्या नव्या यंत्रासाठी ठेवलेले पैसे त्याने त्याच दिवशी भरले. परत येताना काचेची एक चौकट विकत आणली. बायको म्हणाली, “सवत भलतीच महाग पडली,” पण हातोडी तिनेच शोधून दिली, खिळाही तिनेच ठोकला. मग निळ्या दाराचं चित्र दोन्ही हातांनी जपून धरून ती भिंतीपाशी उभी राहिली.

“ते नको,” कुलूपवाला म्हणाला, आणि त्याने खिशातून वर्गणीची पावती काढली.