वाशावर पाय

वादळ ओसरलं तशी शेवंतीने शेजारून शिडी आणली आणि पदर खोचून ती कौलांवर चढली. आजवर हे काम तिच्या नवऱ्याचं, दत्तारामचं होतं. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि जीभ जड झाली. शब्द वेडेवाकडे येतात याची त्याला एवढी लाज वाटायची, की हळूहळू त्याने बोलणंच सोडलं. आताही तो अंगणात खुर्चीवर बसून मुकाट्याने वर बघत होता.

झावळी पडून कोपऱ्यातली कौलं फुटली होती. तिकडे जायला शेवंतीने पाऊल उचललं.

"थांब! तिथं नको!" खालून आवाज आला. "कौलांखालची रीप कुजलीय तिथली. वाशावर पाय ठेव, वाशावर!"

शब्द बोबडेच होते, पण पलीकडच्या घरात ऐकू जातील एवढे मोठे. शेवंती जागच्या जागी थबकली.

"वासा कुठं आलाय हो?"

"डावीकडं. अजून थोडं... हां, तिथं."

तो सांगत गेला, ती सरकत गेली. फुटकी कौलं काढून तिने सोबत नेलेली नवी बसवली. काम संपलं. तिने खाली पाहिलं. दत्ताराम घामाघूम झाला होता, पण खुर्चीत पुढे सरकून, मान उंचावून बसला होता.

शेवंती शिडीकडे वळली नाही. शेजारच्या चांगल्या घट्ट बसलेल्या कौलावर तिने हात ठेवला.

"अहो, हे कसं वाटतंय? नीट बघून सांगा."