करडी विमानं

लहानपणी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला कॉम्प्युटर जोडून थोरला आणि धाकटा विमानांची लढाई खेळायचे. पडद्यावर सगळीच विमानं करडी, म्हणून दिसेल त्यावर गोळी. शेवटी उरलेलं विमान कुणाचं, यावरून दोघा भावांत जे फाटलं ते पस्तीस वर्षं फाटलेलंच राहिलं. एका टेबलावर जेवले तरी बोलणं वहिनीमार्फत.

अखेर थोरला इरेला पेटला. माळ्यावरून कॉम्प्युटर काढला, कुठूनसा जुना कलर मॉनिटर पैदा केला, आठ दिवस बोटं भाजत सोल्डरिंग करून मधली वायर बनवली आणि धाकट्याला बोलावणं धाडलं.

"अगं, सांग त्याला, आज रंगीत खेळायचं. कुणाचं विमान पडलं ते आंधळ्यालाही दिसेल. हरेल त्याने नाक घासायचं."

"वहिनी, सांगा तुमच्या नवऱ्याला, नाकाला आत्ताच तेल लावून ठेव म्हणावं."

खेळ कॉम्प्युटरमध्ये भरताना दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखी कॅसेट किंचाळली आणि पडदा रंगांनी भरला. थोरल्याने जॉयस्टिकची दांडी हलवली, एक निळं विमान सरकलं. धाकट्याने हलवली, दुसरं निळं विमान सरकलं. समोरून दहा लाल विमानं दोघांवर गोळ्या झाडत आली.

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं एकाच बाजूचे होतात?"

थोरल्याने वायर उपटली. "मॉनिटर बिघडलाय."



आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच धाकटा थेट त्याच्याशी बोलला, "अगदी बरोबर, दादा."