दुसरी पट्टी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: एक यंत्र प्लास्टिकची पट्टी तुटेपर्यंत ओढतंय. एकानं पट्टी पाहायची, दुसऱ्यानं आकडे वाचायचे. प्लास्टिक इंजिनिअरिंगचा वर्ग जोडीजोडीनं उभा होता; एका ताईलाच जोडीदार नव्हता. तीन महिन्यांत तिच्याशी कुणी धड बोललंही नव्हतं. घरी परतायची बॅग भरून तयार होती. "जोडीदार शोध, नाहीतर प्रयोग राहिला," सर म्हणाले. ताईनं धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आकड्यांसमोर टेकवला. "छोटे, दिसेल तो आकडा वाच आणि लिहून ठेव." "तीनशे... चारशे दहा... ताई, उतरला." "उतरू दे. वाचत राहा." पट्टी मधोमध पांढरी पडली, लांबत गेली, तुटली. "झालं, छोटे. बाकीच्या पट्ट्या राहू देत. उद्या घरीच येतेय, कायमची." छोटीनं वहीचं पान उलटलं, 'पट्टी दुसरी' लिहिलं आणि पेन्सिल धरून थांबली.